दिगू, तू आळशी नव्हतास

मंगळवारी सकाळी चहात बुडवलेलं बिस्किट खाताना तुला ठसका लागला. बुधवारी ताप आला. गुरुवारी दवाखान्यात नेलं. शनिवारी दुपारी तू गेलास.

आज चोविसावा दिवस. भेटायला येणारे आता थांबले आहेत. आले ते सगळे एकच विचारत होते, काय झालं होतं? निमोनिया म्हटलं की त्यांचं समाधान होत नसे. मग मी पार्किन्सन म्हणायची. "पण तो तर म्हाताऱ्या माणसाले होते ना?" सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला तो कसा झाला, हे पहिल्या दिवशी मी नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोडक्यात सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून नुसतं 'हो' म्हणायला लागले. शेजारच्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "सुटला बिचारा. अन् बाई, तुम्हीबी सुटल्या." मी त्यांना चहा दिला. दिगू, मला सुटायचं नव्हतं. माझ्याकडे तुझं एक काम राहिलं होतं.

काम तसं लहानच. महाल भागात वामनरावजींच्या बाइंडिंगच्या दुकानात जायचं आणि त्यांना सांगायचं की माझा भाऊ आळशी नव्हता. तू ते मला पहिल्यांदा सांगितलंस त्याला दोन वर्षं होऊन गेली. नंतर किती वेळा सांगितलंस, ते मी मोजलं नाही. आपल्या घरापासून ते दुकान रिक्षानं पंधरा मिनिटांवर आहे.

तुला त्या दुकानात बाबांनी नेऊन बसवलं तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. जन्मतःच तुझी टाळू फाटलेली होती, हृदयाला छिद्र होतं. दोन्हींची ऑपरेशनं झाली, पण बोलणं नाकातूनच राहिलं. सातवीत दोनदा बसलास, मग शाळा सुटली. बाबा वामनरावजींना म्हणाले होते, "याच्या हाताला काम द्या. बोलायचं काम देऊ नका." तू बाजूलाच उभा होतास. घरी आल्यावर मी बाबांवर चिडले, पण तुला त्यात वाईट काही वाटलं नव्हतं. तू आनंदात होतास. छापखान्यातून आलेले मोठे कागद घडी घालून त्यांचे सोळा सोळा पानांचे फर्मे करायचे, ते क्रमानं लावायचे, दोऱ्यानं शिवायचे. सहा महिन्यांत तुझी जुजबंदी, म्हणजे ही फर्म्यांची शिलाई, दुकानातल्या जुन्या माणसांच्या तोडीची झाली.

तेविसाव्या वर्षी तुला आवाज ऐकू यायला लागले. भिंतीतून कोणी तरी तुझं नाव घेतंय, म्हणून तू भिंतीला कान लावून बसायचास. दोन महिने तू दवाखान्यात होतास. तिथून रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या शेवटपर्यंत. वामनरावजी तुला परत घेतील अशी मला आशा नव्हती. विचारायला गेले तेव्हा ते कटिंग मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "हात तं वेडे नाही झाले ना त्याचे? मंग येऊ द्या." त्या माणसाबद्दल मी जे काही पुढे लिहीन, त्यात हे वाक्य आधी असायला हवं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात, तू बाइंडिंगमध्ये. बाबा म्हणायचे, एक पुस्तकं फाडू देते, दुसरा शिवतो. दर मे महिन्यात आमची खिळखिळी झालेली पुस्तकं तुझ्याकडे यायची. तू ती नवी करून द्यायचास आणि पाठीवरच्या पट्टीवर पुस्तकाचं नाव आणि दाखल क्रमांक स्वतः लिहायचास. वाचायला तुला वेळ लागायचा, पण अक्षर तू चित्रासारखं काढायचास. ठसठशीत, गोल, शिरोरेघ सरळ. मुली मला विचारायच्या, मॅडम, हे छापून आणलंय का?

तुझा हट्ट मला तेव्हा त्रासदायक वाटायचा. एकदा एका जुन्या कोशाचा खंड तू तसाच परत आणलास. न शिवता.

"ताई, सोळाव्या पानानंतर तेहतिसावं आलं. एक फर्मा गायब आहे."

"असू दे. शिवून टाक."

"कसा शिवून टाकू? वाचणाऱ्याले वाटन का त्यालेच समजून नाही राहिलं."

तू शेवटी तिथे सोळा कोरी पानं लावलीस आणि मग शिवलंस. कोणाला गहाळ पानं दुसरीकडे मिळाली तर लिहून काढता येतील, म्हणालास. बाइंडर लोकांची ती जुनी रीत आहे, हे मला वामनरावजींनी नंतर सांगितलं. आमच्या ग्रंथालयात तो खंड अजून आहे. पानं कोरीच आहेत.

हे सगळं मी का लिहितेय? तू किती काटेकोर होतास ते मला ठाऊक होतं, हे स्वतःला दाखवायला. वीस वर्षं मी तुझ्या हातचं काम तपासून घेतलं. तरीही वामनरावजींचा फोन आला तेव्हा मी त्यांचं ऐकलं.

पहिली तक्रार खळीची होती. पुस्तकं चिकटवायची मैद्याची खळ शिळी झाली की आंबते. दुकानात ती जपण्याचं काम तुझं होतं, कारण तुझ्या नाकाला आंबूस वास सगळ्यात आधी कळायचा. एका पावसाळ्यात तू दोन दिवस आंबलेली खळ वापरलीस. कोणत्या तरी शाळेची हजेरीपत्रकं होती, सगळ्यांना बुरशी धरली. वामनरावजी ओरडले, "का बे, नाक गहाण ठेवलं का?" तू घरी येऊन मला म्हणालास, "मले वासच नाही आला." मी म्हटलं, सर्दी असेल. त्याच आठवड्यात गॅसवर डाळ करपली, धूर झाला, आणि तू शेजारी बसून कागदाला धार लावल्यासारख्या घड्या घालत होतास. मला हसू आलं. मी म्हटलं, "काय रे दिगू, कुठे हरवलायस?"

मग हात मंदावला. दुपारच्या डब्यापर्यंत जितके फर्मे व्हायचे त्याच्या निम्मे व्हायला लागले. उजवा पाय थोडा घासत चालायचास, चपलेचा आवाज यायचा. चेहऱ्यावर काही उमटेनासं झालं. जोक केला तरी तू तसाच. वामनरावजींना ते उर्मटपणासारखं वाटलं. त्यांनी मला फोन केला.

"मॅडम, दिगंबर कामचोरी करून राहिला. बोललं तं ढिम्म. नुसता पाहत राहते तोंडाकडं."

मी ग्रंथालयात होते, टेबलासमोर तीन मुली उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुम्ही जरा दमात घ्या त्याला. आळस भरलाय अंगात. घरी पण तसंच चाललंय."

हे माझे शब्द. मी ते कोणाच्या तोंडी घालू शकत नाही. घरी खरंच तसंच चाललं होतं. आंघोळीला तुला पाऊण तास लागायचा, शर्टाची बटणं लावता लावता तू थांबून जायचास, आणि मी बाहेरून ओरडायची. आळस हा शब्द मी घरात आधी वापरला आणि मग दुकानात पोचवला. वामनरावजींनी तुला दमात घेतलं. चार पोरांसमोर घेतलं. मग शिलाई काढून घेतली आणि कटिंग मशीनखालची कात्रणं गोळा करायला लावली. एक दिवस तू दुपारी बारालाच घरी आलास, डबा न उघडलेला. "वामनरावजी म्हणे, उद्यापासून नको येऊ." एवढंच बोललास. मी विचारलं, "तू काही केलंस का?" दिगू, तेव्हा मी हेच विचारलं.

हात थरथरायला लागला तेव्हा मला कारण सापडल्यासारखं झालं. तुझ्या गोळ्यांनी असं होतं, हे मी वाचलेलं होतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांना मी दोष देत नाही. या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत ते खरंच असतं. त्यांनी डोस कमी केला, थरथरीसाठी एक गोळी वाढवली, मग मूळ गोळी बदलली. वर्ष गेलं. थरथर तशीच. एका रविवारी आपण पोहे खात बसलो होतो. तू डाव्या हातानं खात होतास, पोह्यांवरचा रस्सा तुझ्या सदऱ्यावर सांडला होता.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"गोळी पोटात जाते. तिथून सगळ्या अंगात जाते. बरोबर?"

"बरोबर."

"मंग एकच हात काहून थरथरते?"

मी म्हटलं, सुरुवातीला तसं होतं.

"पण वर्ष झालं वं. अन् गोळीबी बदलली. हे गोळीनं नाही होत."

"तू डॉक्टर आहेस का?"

तू ताट बाजूला सरकवलंस. मग म्हणालास, "मी डॉक्टर नाही. पण हात तं माझा आहे." मी ताटं उचलली आणि आत गेले. आपलं ते भांडण तिथेच थांबलं. तू नंतर आणखी एकदा विषय काढलास, तेव्हाही मी तुला गप्प केलं. पुस्तकात वाचलेलं एका बाजूला आणि तुझं नाकातलं बोलणं दुसऱ्या बाजूला. मी कुठे झुकले ते तू पाहिलंस.

ती नवी डॉक्टरीण आपल्याला भेटली ती तू बाथरूममध्ये पडलास म्हणून. मेंदूची डॉक्टर, वयानं आमच्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीएवढी दिसणारी. तिनं तुला लांब व्हरांड्यात चालायला लावलं आणि ती मागून बघत राहिली. उजवा हात अंगाला चिकटलेला, डावा हलतोय. मग तिनं तुला बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "थांबा मॅडम, त्यांना बोलू द्या." तू तेच विचारलंस. गोळी सगळ्या अंगात जाते, मग एकच हात काहून. तुझं बोलणं तिला पहिल्यांदा कळलं नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "हाच प्रश्न मला पडलाय."

त्यानंतर तिनं टाळूबद्दल विचारलं. हृदयाबद्दल विचारलं. लहानपणी झटके यायचे का? यायचे, कॅल्शियम कमी होऊन. शाळेत मागे? हो. मानसिक आजार कधीपासून? ती लिहीत गेली आणि मध्येच थांबली. तुझ्या आयुष्यात या सगळ्याचे वेगवेगळे डॉक्टर वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते. सगळी कागदपत्रं एका टेबलावर मांडून बघणारं पहिलं माणूस ती. रक्त मुंबईला पाठवलं गेलं. रिपोर्ट यायला महिना लागला.

बाविसाव्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक बारीक तुकडा तुझ्यात जन्मापासून नव्हता. टाळू, हृदय, कॅल्शियम, शाळा, ते आवाज, सगळं तिथून निघालं होतं. तिनं सांगितलं की असा तुकडा नसलेली माणसं मोठी झाल्यावर त्यांच्यात पार्किन्सनचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि तो बराच लवकरच्या वयात येऊ शकतो. सगळ्यांना होतो असं नाही. पण होतो तेव्हा तो मानसिक आजाराच्या गोळ्यांच्या नावावर टाकला जातो आणि वर्षं जातात. वास जाणं ही त्याची पहिली खूण असू शकते, हातापायाच्याही आधी. मी हे सगळं वहीत टिपून घेत होते. तू ऐकत होतास.

"मंजे माह्यातला एक फर्मा गायब आहे," तू म्हणालास.

तिला फर्मा म्हणजे काय ते मी सांगितलं.

"अगदी तसंच," ती म्हणाली.

"कोणं हरवला? आईनं का बाबांनं?"

"कोणीच नाही. तुमच्या आईवडलांना तपासता येत नाही आता, पण बहुतेक वेळा हे मूल तयार होतानाच होतं. कोणाची चूक नसते."

"मंजे बाइंडरची चूक."

ती हसली. तुझा चेहरा हलला नाही, पण तू जोक केला होतास, हे मला डोळ्यांवरून कळलं. मग तू खरंच विचारलंस, "तिथं कोरी पानं लावता येते का?" तिनं तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नवीन गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

त्या गोळ्यांनी तुला दोन बरी वर्षं दिली. त्याबद्दल मी त्या मुलीची ऋणी आहे. महिन्याभरात तू स्वतःची बटणं लावलीस. मी दारात उभी राहून बघत होते, तू म्हणालास, "पाहू नको वं, हुकते." पाय घासणं कमी झालं. तू खालच्या दुकानापर्यंत एकटा जायला लागलास. आणि त्याच दिवसांत, एका सकाळी, मी कॉलेजला निघताना चप्पल घालत होते, तेव्हा तू मला अडवलंस.

"ताई, आता वामनरावजीले सांगजो."

"काय सांगू?"

"का मी आळशी नव्हतो. बिमारी होती. खळीचा वास बिमारीनं नाही आला."

"तूच जाऊन सांग ना. जाता येतं आता तुला."

"माहं कोणाले समजते? आवाज अजून बारीक झाला. तू मॅडम आहे. तू बोलली तं ऐकतीन."

मी हो म्हटलं. त्या दिवशी ग्रंथालयात गेल्यावर मी आधी एक दुसरंच काम केलं. डॉक्टरीण म्हणाली होती की या आजारात अक्षर लहान होत जातं. मी तुझ्या हातच्या पट्ट्या असलेली पुस्तकं कपाटातून काढली आणि बाइंडिंगच्या वर्षाप्रमाणे टेबलावर मांडली. जुनी पट्टी दारातून वाचता येत होती. पुढच्या दोन-तीन वर्षांची जवळ जाऊन वाचावी लागत होती. शेवटच्या वर्षाची मला चष्म्यानंही लागेना. त्या एकाच पट्टीवर सुरुवातीचं अक्षर बऱ्यापैकी आणि शेवटाकडे जाता जाता मुंगीएवढं. तुझं काम सुटण्याच्या कितीतरी आधीपासून ते माझ्या कपाटात उभं होतं. मी ती पुस्तकं रोज हाताळत होते. त्या शेवटच्या मे महिन्यात मी तुला काय म्हणाले होते, तेही मला आठवलं. "दिगू, एवढं बारीक काय लिहितोस, शाई वाचवतोयस का?"

मग वामनरावजींकडे का गेले नाही? मी स्वतःला सांगत राहिले की नीट समजावून सांगावं लागेल. एक पत्र लिहावं, म्हणजे त्यांना शांतपणे वाचता येईल. पहिला मसुदा गुणसूत्रापासून सुरू केला. तो फार जड झाला. दुसरा तुझ्या टाळूपासून सुरू केला, तो दयेची भीक मागितल्यासारखा वाटला. तिसरा बरा होता, पण त्यात मी फोनवर काय म्हणाले होते ते वाक्य येत नव्हतं. ते वाक्य टाळून जे काही लिहीन ते खोटं होत होतं. चौथा मसुदा त्या वाक्यापाशी थांबला. मी बरोबर शब्द शोधत होते असं म्हणते, पण खरं म्हणजे ज्या माणसासमोर मी तुला आळशी ठरवलं, त्याच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. पुढच्या दोन मे महिन्यांत आमची पुस्तकं बाइंडिंगला गेली, तेव्हा मी शिपायाबरोबर पाठवली. एरवी मी स्वतः जायची.

तू अधूनमधून विचारायचास. "गेली होती का?" मी म्हणायची, या आठवड्यात. रागावला नाहीस कधी. एकदा फक्त म्हणालास, "तुले एवढं लिहाचं काहून आहे? दोन शब्दाचं तं काम आहे." मागच्या हिवाळ्यापासून तू विचारणंच सोडलंस. मला वाटलं, विसरलास. मला बरंही वाटलं.

त्यानंतर गिळताना त्रास सुरू झाला. डॉक्टरिणीनं सांगितलं होतं, सरळ बसून, लहान घास, हनुवटी खाली. बिस्किट चहात बुडवून मऊ करायचं तेही तिचंच सांगणं. मी सगळं पाळलं. दवाखान्यात तू तीन दिवस होतास आणि तोंडावर मास्क होता. शनिवारी सकाळी तू माझ्याकडे बघून काही तरी म्हणालास. मी कान जवळ नेला. कळलं नाही. मी "हो, हो" म्हटलं. आयुष्यभर लोक तुला तसंच 'हो, हो' म्हणत आले, आणि शेवटी मीही तेच केलं.

घाटावर वामनरावजी आले होते. पांढरा सदरा, हातात काठी. बरेच थकलेत. त्यांनी मला नमस्कार केला आणि लांब बाकावर जाऊन बसले. तेव्हा सांगता आलं असतं. लोक होते, म्हणून नाही सांगितलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टरिणीचा फोन आला. तुझी फाइल शिकणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवायची तिची इच्छा आहे, नाव न घेता. अशी आणखी माणसं असतील, गोळ्यांच्या नावाखाली दडलेली, असं तिचं म्हणणं. मी परवानगी दिली. आणि विचारलं की त्यात त्याचा प्रश्न लिहाल का, त्याच्याच शब्दांत? तिनं सांगा म्हटलं. मी सांगितला. पलीकडे ती पेनानं लिहीत असल्याचं ऐकू येत होतं. फोन ठेवला आणि मला स्वतःची लाज वाटली. अनोळखी डॉक्टरांपर्यंत तुझं म्हणणं पोचवलं. महालात मात्र गेले नाही.

काल गेले. मसुदे घरी ठेवले.

दुकान तसंच आहे. कटिंग मशीन चालू होतं, दोन बायका फर्मे घडी घालत बसल्या होत्या. तुझ्या खिडकीजवळच्या जागेवर आता स्पायरल करायचं यंत्र ठेवलंय. वामनरावजी उठायला लागले, मी बसा म्हटलं. मी उभीच राहिले.

"वामनरावजी, दिगू आळशी नव्हता. त्याला तेव्हाच पार्किन्सन सुरू झाला होता. जन्मापासूनच्या एका दोषामुळे त्याला तो लवकर झाला. खळीचा वास त्याला येतच नव्हता. हात चालत नव्हता म्हणून मंद झाला होता. ऐकून घेत होता तेव्हा चेहरा हलत नव्हता, तोही आजारानं."

त्यांनी हातानं खूण करून मशीन बंद करायला लावलं. दुकान शांत झालं. दोघी बायका माझ्याकडे बघायला लागल्या. ते बराच वेळ टेबलावरच्या कागदाची कड चाचपत राहिले.

"पण मॅडम, तुम्हीच तं म्हणाल्या होत्या. आळस भरला म्हणून."

"हो. मीच म्हणाले होते. माझं चुकलं."

"मी त्याले बहुत बोललो. पोरांसमोर बोललो. अन् हे तुम्हाले कधी समजलं?"

"दोन वर्षांपूर्वी."

मला वाटलं, आता हा माणूस मला बोलेल. मला तसं हवंही होतं. पण ते दुसरंच म्हणाले.

"म्हणून आला होता तो."

मी विचारलं, कोण?

"दिगंबर. मागच्या थंडीत. एकटाच आला, पायी. ह्या इथं दारात उभा राहिला. हात हलून राहिला होता. काही तरी सांगत होता, दोन-तीनदा सांगितलं त्यानं. आपल्याले काही समजलं नाही. मले वाटलं, काम मागून राहिला. मी म्हटलं, काम नाही गा आता, सगळं मशीनवर आलं. चहा मागवला. त्यानं पुन्हा काही म्हटलं. मी म्हटलं, हो, हो, पाहू. मंग गेला."

"चहा प्याला?"

"नाही. तसाच ठेवून गेला."

त्यांनी डोळे पुसले नाहीत. मीही नाही. त्यांनी त्या बायकांकडे वळून सांगितलं, "आपला दिगंबर होता ना, तो बिमार होता तेव्हा. कामचोर नव्हता." त्यातली वयानं मोठी बाई म्हणाली, "मी तं कधी म्हटलंच नाही कामचोर." मग मशीन पुन्हा सुरू झालं. मी रिक्षानं घरी आले.

तू मागच्या थंडीपासून विचारणं का सोडलंस, हे मला आता कळलंय. तू विसरला नव्हतास. तू स्वतः गेलास, तिथे कोणाला कळलं नाही, आणि घरी येऊन तू मला त्यातलं काही सांगितलं नाहीस. त्या दिवशी संध्याकाळी आपण काय बोललो असू, मी आठवून बघते. मी बहुतेक विचारलं असेल, गोळी घेतलीस का?

वामनरावजींना सांगून झालं. त्या दोघी बायकांनाही कळलं. तुला सांगायचं राहिलं.